काळ्या मातीच्या मुलखात मातीकाम: गाळापासून आव्यापर्यंत, नवख्यांसाठी

मातीकाम शिकायचं ठरलं की बहुतेक जण आधी चाक कुठे मिळेल ते विचारतात. मराठवाड्यात राहून हे काम करायचं असेल तर चाक सगळ्यात शेवटी घ्या. आधी माती ओळखा, मग वाळवायला शिका, मग भाजायला. आपल्या जमिनीचा स्वभावच असा आहे की या तीन गोष्टी जमल्या नाहीत, तर चाकावर कितीही देखणं भांडं उठलं तरी ते सावलीत तडकतं, नाहीतर आव्यात, म्हणजे भांडी भाजायच्या भट्टीत, फुटतं.

मोबाईलवर जे व्हिडिओ दिसतात त्यातली माती बहुधा पिशवीत तयार मिळणारी असते, कुणीतरी आधीच गाळून, मिसळून, तपासून दिलेली. आपल्या शिवारातली माती तशी वागत नाही. मी हे काम धाराशिव-लातूर भागातल्या कुंभारांच्या ओसरीवर बसून शिकले. ती माणसं मापं सांगत नाहीत, हाताला कळतं म्हणतात, आणि त्यांच्या हाताला खरंच कळतं. नवख्याच्या हाताला ते कळायला वेळ लागतो, म्हणून खाली जमेल तिथे आकडे दिले आहेत.

हे सगळं साध्या भाजक्या मातीसाठी आहे: पणत्या, बोळकी, येळणी, कुंड्या, लहान गाडगी, पोळ्याचे बैल. चकाकी दिलेलं चिनी मातीचं काम वेगळं. त्याला जास्त तापमानाची बंद भट्टी लागते, त्यात इथे शिरत नाही.

जमवाजमव

बहुतेक वस्तू घरात किंवा बाजाराच्या दिवशी मिळून जातात.

- दोन-तीन जुन्या बादल्या आणि एक पसरट टोपलं
- मैद्याची बारीक चाळणी, जुनं सुती लुगडं किंवा धोतर
- गोणपाट, चार-पाच पोती
- लाकडी थापटणं आणि गुळगुळीत गोल दगड. कुंभाराकडे जोडी बघून सुताराकडून थापटणं करून घ्या, नदीच्या गोट्यांतून दगड निवडा
- माती कापायला बारीक तार, दोन्ही टोकांना काडी बांधलेली
- फुटपट्टी, जुना चमचा, सुरीचं पातं
- फुटक्या माठांची खापरं, जमतील तितकी
- गोवऱ्या, तुराट्या, उसाचं पाचट किंवा गव्हाचं काड
- नाकातोंडाला बांधायला चांगला मास्क

मास्क शेवटी लिहिला असला तरी तो हवाच. सुक्या मातीची आणि खापरांच्या चुऱ्याची धूळ फुफ्फुसात साठते आणि तिचा त्रास वर्षांनी दिसतो. कामाची जागा कोरडी झाडू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

१. माती कुठून घ्यायची

आपली काळी माती बेसाल्टचा, म्हणजे दख्खनच्या काळ्या दगडाचा, झिजून झालेला चुरा आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की तितकीच आक्रसते. एप्रिलमध्ये नांगरट न केलेल्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या याच कारणाने. नुसत्या काळ्या मातीचं भांडं केलं तर त्यालाही त्याच भेगा पडतात.

नवख्याला सगळ्यात चांगली माती गावतळ्यात किंवा पाझर तलावात मिळते. फेब्रुवारीपासून मेपर्यंत पाणी खाली जातं आणि गाळ उघडा पडतो. ओढा जिथे तळ्यात शिरतो तिथे वाळू आणि खडे बसतात, तिथली माती घेऊ नका. भिंतीकडच्या खोल भागात बारीक गाळ बसलेला असतो. वरची मुळ्या-काटक्यांची वीतभर साल काढून टाका आणि खालचा पिवळसर किंवा तांबूस करडा गाळ घ्या. सरकारच्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत शेतकरी ट्रॅक्टरने हाच गाळ रानात नेऊन टाकतात. ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावर असा ढीग पडलेला असेल तर तुमचं काम दोन पाट्यांत भागतं.

इथे काही ठेचा लागण्यासारख्या जागा आहेत.

माती हे गौण खनिज आहे. पाटी-दोन पाटी शेतमालकाला विचारून आणणं वेगळं आणि ट्रॉली भरून आणणं वेगळं. ट्रॉलीने आणायची असेल तर आधी तलाठ्याला भेटा. परवानगी कुणाची आणि स्वामित्वधन किती, ते तहसीलमधून नीट समजून घ्या.

गावाची जुनी पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीची जागा, किंवा शिवारातली टेकाडं खणू नका. तेर, पैठण, भोकरदन इथे अशाच टेकाडांखाली दोन हजार वर्षांपूर्वीची नगरं सापडली. संरक्षित जागी खणणं गुन्हा आहे. जागा संरक्षित नसली तरीही खणू नये असंच मी सांगेन, कारण तिथल्या मातीत राख आणि खापरं मिसळलेली असतात, ती घडवायला चांगली नाही, आणि त्या खापरांतून जे वाचता येतं ते एका फावड्यात कायमचं जातं. तेरला रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत. पहिलं भांडं घडवण्याआधी त्या एकदा बघून या. किती पातळ माती, किती बारीक काम आणि तरी टिकलेलं, हे डोळ्यांनी पाहिलं की हुरूप येतो.

चोपण जमिनीची, जिच्यावर उन्हाळ्यात पांढरा थर चढतो ती माती घेऊ नका. तो क्षार भाजल्यानंतरही भांड्यावर पांढरा फुटून येतो. आणि गणपतीची शाडू भाजायला वापरू नका. ती कच्च्या मूर्तीसाठी आणलेली असते, आव्यात कशी वागेल याचा भरवसा नाही.

२. घरी आणण्याआधी तपासा

मूठभर नमुना आणा आणि चार तपासण्या करा. कुठेही पैसे लागत नाहीत.

*बाटली.* पारदर्शक बाटलीत एक तृतीयांश माती, बाकी पाणी. जोरात हलवून एक दिवस ठेवा. तळाला वाळू, मधे पोयटा, वर चिकणमाती असे थर दिसतील. वरचा थर नावापुरता असेल तर ती माती सोडा.

*वळी.* ओल्या मातीची पेन्सिलीएवढी जाड वळी करून बोटाभोवती गुंडाळा. थोड्या बारीक चिरा पडल्या तर चालेल. तुकडे पडले तर चिकटपणा कमी आहे. एकही चीर न पडता हाताला चिकटून राहिली तर ती फार चिकट आहे, वाळताना तडकणार.

*लिंबू.* सुक्या मातीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर चुनखडी आहे. आपल्याकडे ती बहुतेक ठिकाणी असतेच. बुडबुडे आले म्हणून माती फेकू नका, फक्त पुढचं गाळण्याचं काम कितीही कंटाळा आला तरी टाळता येणार नाही हे समजा.

*पट्टी.* ही सगळ्यात महत्त्वाची. मळलेल्या मातीची १२ सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर जाड पट्टी करा. तिच्यावर सुरीने बरोबर १० सेंटिमीटरची रेघ ओढा. सावलीत पूर्ण वाळली की रेघ पुन्हा मोजा. ९.४ भरली तर माती ६ टक्के आक्रसली. ५ ते ८ टक्क्यांत काम करता येतं. ८ च्या पुढे गेली तर चुरा वाढवावा लागेल. हीच पट्टी नंतर आव्यात टाका आणि परत मोजा. ‘एवढं मोठं भांडं करायला केवढं घडवायचं’ याचं उत्तर तीच देते.

३. गाळणं

नवखे लोक इथेच घाई करतात आणि आपल्या भागात याचा फटका इतर कुठल्याही चुकीपेक्षा मोठा बसतो.

चुनखडीचा खडा साधारण ८५० अंशांच्या आसपास भाजला की त्याची कळी, म्हणजे कळीचा चुना, बनते. भांडं आव्यातून निघताना ठणठणीत असतं. मग ती कळी हवेतलं पाणी ओढते, फुगते आणि दोन दिवसांनी, कधी पावसाळ्यात, भांड्याच्या अंगावरून नाण्याएवढी खपली उडते. खपलीच्या मधोमध पांढरा ठिपका दिसतो. मोहरीएवढा खडा एवढं करतो. म्हणजे डोळ्यांना दिसतात तेवढे खडे वेचून भागत नाही.

माती आधी कडक उन्हात पूर्ण वाळवा आणि काठीने फोडा. ओलसर ढेकूळ पाण्यात टाकलं तर आतून तसंच राहतं, कोरडं ढेकूळ मात्र काही मिनिटांत आपोआप विरघळून बसतं. बादलीत पाणी घ्या आणि त्यात माती टाका. पाण्यात माती, मातीत पाणी नव्हे. एक रात्र भिजू द्या. सकाळी हाताने ढवळून पातळ चिखल करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. जड खडे तळाला जातात. वरचा चिखल अलगद चाळणीतून दुसऱ्या बादलीत ओता आणि तिथून लुगड्यातून तिसऱ्या बादलीत. तळाचा खडा-वाळू पायवाटेवर टाका. तो परत मातीत मिसळायचा मोह अजिबात नको.

गाळलेला चिखल दोन दिवस ठेवला की वर स्वच्छ पाणी येतं. ते काढून पुढच्या घाण्याला वापरा. ज्या मुलखातल्या लातूरला २०१६ साली रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे बादलीभर पाणीही गटारात ओतू नये. उरलेला घट्ट चिखल पोत्यात बांधून झाडाला टांगा किंवा जुन्या विटांवर पसरा. बोटाला चिकटायचा थांबला की उचलायचा.

४. मिसळ आणि मळणी

सुरुवातीला हे प्रमाण घ्या: गाळलेला तळ्याचा गाळ तीन भाग, गाळलेली काळी माती एक भाग, खापरांचा चुरा अर्धा ते पाऊण भाग. काळी माती चिकटपणा देते, गाळ तिचा ताण कमी करतो आणि चुरा आक्रसणं रोखतो. चुरा एकदा भाजलेला असल्याने तो आता आक्रसत नाही आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याला वाट करून देतो. खापरं पोत्यात घालून हातोड्याने फोडा, रव्याइतकी बारीक करून चाळा. नदीची वाळू मिळवण्याच्या भानगडीत पडू नका. चुरा जास्त चांगला, आणि तो फुकट आहे.

जुने कुंभार गाढवाची किंवा घोड्याची लीद वाळवून, चाळून मिसळतात. तिच्यातले बारीक तंतू ओल्या मातीला धरून ठेवतात आणि आव्यात जळून गेले की भांड्यात सूक्ष्म भोकं राहतात. माठ पाणी गार करतो तो याच भोकांमुळे: पाणी झिरपतं, बाहेर वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. लीद मिळाली नाही तर बारीक चाळलेला लाकडी भुसा चालतो, एका भागाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको. पणत्यांच्या मातीत लीद-भुसा घालू नका, तेल झिरपेल.

मिसळलेली माती पायाने तुडवा, मग पाटावर तळहाताच्या बुडाने मळा. भाकरीच्या पिठासारखी: जितकी रगडाल तितकी विरी जाणार नाही, म्हणजे तुटणार नाही. मग ओल्या गोणपाटात गुंडाळून किमान आठवडाभर मुरू द्या. मुरलेल्या मातीला आंबूस वास येतो, तो चांगला.

एक गैरसमज इथेच दूर करते. ‘मातीत हवेचा बुडबुडा राहिला म्हणून भांडं आव्यात फुटलं’ असं सगळे सांगतात. भांडं फुटतं ते आत राहिलेल्या पाण्याची वाफ झाल्याने. बुडबुडा काढायचा तो घडवताना भिंत कमजोर राहू नये म्हणून. फुटणं टाळायचं असेल तर मुद्दा क्रमांक ६ दोनदा वाचा.

५. घडवणं: आधी हाताने

पहिले काही महिने तीनच प्रकार करा.

*चिमटून:* लिंबाएवढा गोळा डाव्या तळव्यात, उजवा अंगठा मधे रुतवायचा आणि फिरवत फिरवत भिंत चिमटत वर न्यायची. पणती आणि बोळकं याच रीतीने होतं. भिंत सगळीकडे सारखी, ६ ते ८ मिलिमीटर. बुडाशी जाड आणि काठाशी पातळ राहिली की दोन्ही वेगवेगळ्या वेगाने वाळतात आणि चीर तिथेच जाते.

*वळ्यांनी:* करंगळीएवढ्या जाड वळ्या एकावर एक चढवायच्या. प्रत्येक जोडावर दोन्हीकडे सुरीने ओरखडे काढा, पातळ चिखल लावा, दाबा आणि आतून-बाहेरून बोटाने माती ओढून सांधा मिटवा. ओरखडे न काढता नुसतं दाबलेलं कान, दांडी, बैलाचं शिंग, सगळं वाळताना गळून पडतं.

*थापून:* हा आपल्याकडचा खरा हुन्नर. जाडसर लहान भांडं करून थोडं सुकू द्यायचं, बोटाने दाबलं तर ठसा उमटेल पण हाताला माती लागणार नाही इतकं. मग आतून गोल दगड धरायचा आणि बाहेरून त्याच जागी थापटण्याने हलके ठोके द्यायचे. भिंत पातळ होत जाते आणि पोट फुगत जातं. चाकावर उठवलेल्या जाड बुडाच्या गाडग्याचा माठ होतो तो असा. दगडाला आणि थापटण्याला अधूनमधून राख लावा म्हणजे चिकटत नाही. एखाद्या कुंभारवाड्यात तासभर बसून नुसतं ऐका: ठोका आतल्या दगडावर बरोबर पडला की भरीव आवाज येतो, चुकला की पोकळ. ते काकू-काका गप्पा मारता मारता थापतात, भांड्याकडे बघतसुद्धा नाहीत.

शिकायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. त्यांचा दिवस त्या कामावर चालतो. त्यांच्याकडून माठ घ्या, माती तुडवायला मदत करा आणि शिकवण्याचे पैसे विचारून द्या. ‘मामा, जरा दाखवा ना’ म्हणून अर्धा दिवस घेणं बरं नाही. संक्रांतीच्या, नवरात्राच्या आणि अक्षय तृतीयेच्या आधीच्या पंधरवड्यात तर जाऊच नका. बोळकी, घट आणि करा-केळीच्या कामात त्यांना मान वर करायलाही वेळ नसतो.

६. वाळवणं

आपल्याकडे मार्च ते मे हवा इतकी कोरडी असते की ओलं भांडं उघड्यावर ठेवलं तर तासाभरात काठ पांढरा पडतो आणि बूड ओलंच राहतं. काठ आक्रसतो, बूड आक्रसत नाही, आणि काठापासून खाली सरळ चीर जाते. म्हणजे उन्हाळा भाजायला उत्तम आणि वाळवायला वाईट. सगळी कसरत इथेच आहे.

घडवलेलं भांडं लगेच आतल्या खोलीत, पंख्यापासून आणि खिडकीपासून लांब ठेवा. खाली गोणपाट किंवा वर्तमानपत्राचे दोन थर अंथरा. फरशीला बूड चिकटलं तर आक्रसायला जागा मिळत नाही आणि बुडाला आडवी फट पडते. पहिले दोन दिवस भांडं पूर्ण ओलसर फडक्याखाली. तिसऱ्या दिवसापासून फक्त काठावर आणि जोडांवर फडक्याची पट्टी. काठ हाताळण्याइतका घट्ट झाला की भांडं उपडं घाला, म्हणजे बुडाला हवा लागेल. मग रोज थोडं उघडत न्या. लहान वस्तूला आठवडा, कुंडीला दहा-बारा दिवस. पावसाळ्यात दुप्पट धरा.

वाळलं की नाही ते रंगावरून ठरवू नका, भांडं गालाला लावा. गार लागलं तर आत पाणी आहे. खोलीच्या हवेइतकंच लागलं की वाळलं.

चीर पडली तर? अर्धओल्या भांड्यावरची बारीक चीर व्हिनेगर लावून, त्याच मातीचा घट्ट चिखल भरून, दाबून मिटते. पूर्ण वाळलेल्या भांड्यावरची चीर बुजवण्यात वेळ घालवू नका. ते फोडून बादलीत टाका. कच्ची माती कितीही वेळा परत वापरता येते.

७. गेरू आणि घोटाई

अर्धवट सुकलेल्या भांड्यावर गेरूचा पातळ हात फिरवा, पाणी सुकलं की गुळगुळीत गोट्याने किंवा चमच्याच्या पाठीने घोटा. बाजारात रंग मिसळलेला गेरूही विकतात. चिमूटभर तव्यावर कडक तापवून बघा: खरा गेरू लालच राहतो, रंग मिसळलेला काळपटतो किंवा फिका पडतो. तेलाचा रंग, वॉर्निश वगैरे भाजण्याआधी काहीही लावू नका.

८. आवा रचणं

छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरात कुणाच्या विजेच्या भट्टीत जागा मिळत असेल तर तिथे ९०० ते ९५० अंशांपर्यंत भाजून घ्या. पहिले ६०० अंश तासाला १०० पेक्षा जास्त वेगाने चढवू नका, एवढंच मालकाला सांगा. बाकीच्यांसाठी उघडा आवा. त्यात ७०० ते ९०० अंश मिळतात आणि लाल भांड्याला ते पुरतात.

जागा: कडब्याची गंज, गोठा, वाळलेलं गवत आणि विजेच्या तारा यांपासून लांब, निदान वीस मीटर. शेजाऱ्यांना आणि ग्रामपंचायतीला सांगून ठेवा. दोन पिंपं पाणी आणि फावडं जवळ. सोबत एक तरी माणूस. ओल्या काळ्या जमिनीवर आवा लावू नका, खालून वाफ येते. वीतभर खोल, मीटरभर रुंद गोल खड्डा करून तळाला मुरूम किंवा विटांचे तुकडे अंथरा. एवढ्यात पंचवीस-तीस लहान वस्तू बसतात.

भाजायच्या दिवशी भांडी सकाळपासून उन्हात ठेवा. दुपारी लहानशा विस्तवाभोवती मांडून दोन तास हळूहळू फिरवत शेका, हाताला धरवणार नाहीत इतकी तापेपर्यंत. एखाद्या भांड्याच्या तोंडावर स्टीलचं ताट धरा. ताटाला दव आलं तर अजून पाणी निघतंय, थांबा. पाऊस पडून गेल्यावर चार दिवसांत आवा लावू नका, गोवऱ्याही ओलावा धरतात.

रचना अशी: तळाला गोवऱ्यांचे दोन थर. त्यावर भांडी उपडी, मोठी खाली आणि लहान वर. भांडी एकमेकांना टेकली तरी हरकत नाही. प्रत्येक फटीत गोवरीचे तुकडे भरा. बाजूने गोवऱ्या उभ्या लावा, वर आणखी एक थर. त्यावर मोठी खापरं झाकणासारखी मांडा, म्हणजे गार हवेचा झोत थेट भांड्यावर येणार नाही. खापरांवर पाचट किंवा काड आणि सगळ्यात वर राख-मातीचा ओला लेप. बुडाशी चारी बाजूंनी मुठीएवढी भोकं, माथ्यावर एक. दोन-तीन पोती गोवऱ्या लागतील, कमी पडतील असं वाटलं तर आवा पुढे ढकला. अर्धकच्च्या भांड्याला परत भाजण्यात दुप्पट सरपण जातं.

टायर, प्लॅस्टिक, रंगवलेलं लाकूड कधीही टाकू नका. तो धूर विषारी असतो.

९. भाजणं

दुपारी चारच्या सुमारास पेटवा. कारण साधं आहे: तापमापक नसतो, आतला रंग बघूनच अंदाज घ्यायचा असतो, आणि तो रंग अंधार पडल्यावरच नीट दिसतो. वारा ज्या बाजूला वाहतोय त्या बाजूच्या भोकातून पेटवा. आग वाऱ्याच्या विरुद्ध सरकत असल्याने हळू चढते. सोसाट्याचा वारा असेल तर त्या दिवशी नकोच.

पहिला दीड-दोन तास नुसता पांढरा धूर येईल. या वेळात आग भडकली तर बुडाची भोकं मातीने अर्धी बुजवा. मातीच्या कणांत रासायनिक बांधलेलं पाणी ४५० ते ६०० अंशांदरम्यान निघतं आणि ते गेलं की माती पुन्हा कधी चिखल होत नाही. ५७३ अंशांना मातीतल्या गारगोटीच्या कणांचं आकारमान एकदम बदलतं, म्हणून त्या टप्प्यावर चढतानाही आणि उतरतानाही घाई चालत नाही. आतून ‘ठप्प’ असा आवाज आला तर एखादं भांडं गेलं. उघडून बघायला जाऊ नका, बाकीची जातील.

धूर निळसर आणि विरळ झाला की भोकं पूर्ण मोकळी करा. आता तुराट्या किंवा पऱ्हाट्या भोकांतून सारा. गोवरी मंद आणि सारखी जळते, काटक्या भपकन पेटतात, म्हणून त्या शेवटी. भोकातून बघा: काळपट तांबडा रंग म्हणजे सुमारे ६५० अंश, पिकलेल्या चेरीचा लाल म्हणजे ७५०-८००, नारिंगीकडे झुकला की ९०० च्या जवळ. चेरीचा लाल सगळीकडे दिसला की तो अर्धा तास टिकवा आणि सरपण थांबवा.

लाल भांडी हवी असतील तर शेवटी हवा खेळू द्या, मातीतलं लोह लाल होतं. काळी हवी असतील तर लाल असतानाच भोकं बुजवून वरून भुसा आणि राखेचा जाड थर टाका. हवा कोंडते, धुराचा कार्बन भांड्यात शिरतो.

१०. उघडणं आणि तपासणं

सकाळपर्यंत हात लावू नका. राखेत हात घातला तर कोमट लागली पाहिजे. गरम भांड्याला सकाळचा गार वारा लागला की ते तिथेच तडकतं.

काढलेलं भांडं बोटांच्या टोकांवर पेलून दुसऱ्या हाताच्या पेरांनी वाजवा. खणखणीत आवाज म्हणजे पक्कं, बद्द आवाज म्हणजे कच्चं किंवा आत चीर. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं, कोण कच्चं ते ठरवलं आणि नामदेवांना कच्चं म्हटलं, ही गोष्ट आपल्याकडे पोराबाळांना ठाऊक आहे. कुंभार आजही तपासतो तो असाच, आवाजावर. दुसरी परीक्षा पाण्याची: शंकेचं भांडं रात्रभर बादलीत बुडवा. काठ मऊ पडला तर भाजलेलं नाही.

मातीत चुनखडी होती असं लिंबाने सांगितलं असेल तर सगळीच भांडी पूर्ण गार झाल्यावर त्याच दिवशी स्वच्छ पाण्यात दोन-तीन तास बुडवून ठेवा. उरलेली बारीक कळी भरपूर पाण्यात लगेच विरते आणि खपल्या उडण्याचं प्रमाण बरंच कमी होतं.

११. वापर

पाण्याचं भांडं एक दिवस भिजवून, दोन-तीनदा पाणी फेकून मग वापरा. साबण लावू नका, तो भोकांत मुरतो. आतून रंग नको. बाजारात सुटी मिळणारी चकाकीही खाण्यापिण्याच्या भांड्याला लावू नका, काहींत शिसं असतं. विस्तवावर ठेवायची भांडी इतक्यात करू नका. तापणं-निवणं सोसायला मिसळ वेगळी लागते आणि उकळत्या कालवणाचं गाडगं चुलीवर फुटलं तर माणूस भाजतो. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आंबील न्यायची बिंदगी (लहान घागर) मात्र जरूर करा.

चाकाचा विचार आता करा, पट्टी सलग काही घाण्यांत ८ टक्क्यांच्या आत राहू लागली आणि आव्यातून बहुतेक भांडी शाबूत निघू लागली की. विजेचं चाक घेताना भार टाकून बघा: दोन-अडीच किलोचा गोळा मधे दाबल्यावर मोटर मंदावली तर ते घेऊ नका.

१२. याच कामावर पोट भरायचं असेल तर

केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या १८ व्यवसायांत कुंभारकाम आहे. पाच ते सात दिवसांचं मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, ते फेडल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज असं तिचं स्वरूप आहे. हाताने आणि अवजारांनी स्वतःचा धंदा म्हणून हे काम करणाऱ्यासाठी ती आहे, छंदासाठी नाही. वय १८ पूर्ण हवं, एका कुटुंबातून एकच अर्ज, घरात सरकारी नोकरी असेल तर चालत नाही.

कागदपत्रं:

- आधार कार्ड
- आधारला जोडलेला, चालू असलेला मोबाईल नंबर
- बँक पासबुक
- रेशन कार्ड. नसेल तर घरातल्या सगळ्यांची आधार कार्डं

नोंदणी आपले सरकार किंवा सीएससी केंद्रावर अंगठ्याच्या ठशाने होते. मातीत काम करणाऱ्यांचे ठसे झिजलेले असतात आणि यंत्र ते घेत नाही. जायच्या आदल्या दिवशी मातीत हात घालू नका, रात्री खोबरेल तेल चोळा, आणि तरी जमलं नाही तर आधार केंद्रावर जाऊन ठसे अद्ययावत करून मग परत या. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते. तिथे अर्ज आठवड्यानुआठवडे पडून राहतो, म्हणून नोंदणीची पावती घेऊन सरपंचांना किंवा ग्रामसेवकांना स्वतः भेटा. नोंदणी मोफत आहे. ‘मंजूर करून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका आणि ओटीपी कुणालाही सांगू नका.